पट्टा कुठे सोडायचा?

सातपुड्यातल्या धडगावहून समुद्र पाहायला निघालेल्या माणसाला आधी घाट उतरून शहादा गाठावं लागतं आणि तिथून पुढेही बराच पल्ला उरतो. समुद्रकिनाऱ्यावर कुत्र्यांना मोकळं सोडायला राखीव जागा हवी, ही शहरी श्वानपालकांची मागणी इथल्या कानांना चोचल्यासारखी वाटली तर नवल नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर कुत्रं बांधून घालण्याची रीतच फारशी नाही. पावरा आणि भिल्लांची घरं एकमेकांना खेटून नसतात. ज्याचं शेत तिथं त्याचं घर, मध्ये उतार, नाला आणि पुन्हा चढ. रात्री शेळ्यांवर बिबट्या आला तर पहिली चाहूल कुत्र्याला लागते, आणि त्या वेळी खुंट्याला बांधलेलं कुत्रं काय कामाचं?

म्हणून त्या कुत्र्याला सगळं रान मोकळं असतं असं मात्र नाही. उन्हाळ्यात या डोंगरात आमचुराचा हंगाम असतो. कैऱ्या सोलून, चिरून त्यांच्या फोडी अंगणात, खळ्यात, सपाट खडकावर उन्हात पसरतात. धडगावचं आमचूर व्यापाऱ्यांमार्फत दूरवर जातं आणि कित्येक घरांना पावसाआधी हाती पडणारा रोख पैसा तेवढाच. कुत्रं फोडींकडे वळलं की घरातून एक आरोळी येते आणि ते वाट बदलतं. कुंपण नाही, पाटी नाही. कुत्रं कोणाचं हे साऱ्या पाड्याला ठाऊक, त्याचा स्वभाव ठाऊक, आणि त्याने कोंबडी धरली तर भरपाई कोणाकडे मागायची हेही ठाऊक. इथली मोकळीक या ओळखीवर उभी आहे.

जुहूच्या वाळूवर नेमकी ही ओळख नसते. समोरून धावत येणारं कुत्रं खेळायला येतंय की चावायला, हे त्याच्या मालकाला कळतं. हातात भेळ धरलेल्या पोराला कळत नाही. मालक लांबून ओरडतो, ‘काही करत नाही हो तो!’ पण हे आश्वासन ज्याच्याकडून येतं तो माणूसच मुळात अनोळखी. त्यामुळे श्वानपालकांच्या मागणीत खरा प्रश्न दडला आहे तो असा: जिथे कोणी कोणाला ओळखत नाही, तिथे ओळखीचं काम कशाने करायचं? ते नियमानेच करावं लागतं. मागणी रास्तच आहे. पण ती मांडणारे बहुधा कुत्र्याच्या आनंदापासून सुरुवात करतात. त्यांनी ती इतरांच्या काळजीपासून केली, तर ती पदरात पडण्याची शक्यता जास्त.

मुंबईला हा वाद नवा नाही. १८३२ च्या जून महिन्यात फोर्टातल्या रस्त्यावर कुत्र्यांवरून दंगल झाली होती. भटकी कुत्री मारण्याचा हुकूम इंग्रज सरकारने आधीपासूनच काढलेला होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. साहजिकच पकडणाऱ्यांचे हात पाळीव कुत्र्यांपर्यंत, घरांच्या आवारापर्यंत पोचले. त्यातच मारण्याची मुदत वाढवली गेली आणि पारशांच्या पवित्र दिवशीच धरपकड झाली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. मृताला कुत्र्याचं दर्शन घडवण्याचा विधीही आहे. ६ जूनला जमावाने शिपायांवर हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. पुढे जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्यांनी मध्यस्थी केली. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा विचार पुढे आला, तो या दंगलीनंतर.

त्यानंतरच्या जवळपास दोनशे वर्षांत कुत्र्यांविषयी कायदे पुष्कळ झाले. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात पाळीव कुत्र्याच्या परवान्याची सोय आली. १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा झाला, २००१ मध्ये निर्बीजीकरणाचे नियम आले आणि २०२३ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. कुत्र्याला मारायचं की नाही, पकडायचं कसं, परत सोडायचं कुठे, या सगळ्याचं उत्तर त्यांत मिळतं. पाळलेल्या कुत्र्याने पळायचं कुठे, याचं मात्र त्यांत काही नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना त्यातल्या त्यात जवळ जातात. रहिवासी संघांनी पाळीव कुत्र्यांना बागेत सरसकट बंदी करू नये, हवं तर विचारविनिमयाने वेळा ठरवाव्यात, असं त्या सांगतात. हैदराबादच्या महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला केवळ कुत्र्यांसाठी उद्यान उघडलं, तेव्हा देशभर बातमी झाली. अशा सोयी किती दुर्मीळ आहेत हे त्यावरूनच समजावं.

अमेरिकेत हा प्रश्न दोन शहरांनी दोन तऱ्हांनी हाताळला. न्यूयॉर्कच्या मोठ्या उद्यानांत पहाटे आणि रात्री कुत्री मोकळी सोडण्याची वहिवाट कित्येक वर्षं नुसती चालवून घेतली जात होती. २००६ मध्ये क्वीन्समधल्या एका नागरिक संघटनेने त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि ती हरली. पण त्या दाव्यामुळे शहराला वहिवाट कागदावर आणावी लागली. २००७ च्या नियमांनुसार ठरावीक उद्यानांत, उद्यान उघडल्यापासून सकाळी नऊपर्यंत आणि रात्री नऊपासून ते बंद होईपर्यंत पट्टा काढता येतो. मालकाजवळ परवाना आणि रेबीजच्या लशीचा पुरावा मात्र हवा. विरोधकांनी विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं नियमात उतरली.

सॅन फ्रान्सिस्कोत उलटं झालं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यातल्या काही किनाऱ्यांवर १९७९ पासून मालकाची हाक ऐकणारी कुत्री मोकळी सोडायला मुभा होती. पुढे त्याच वाळूवर वावरणारा स्नोई प्लोव्हर हा चिमुकला पक्षी संकटग्रस्तांच्या यादीत गेला. मग पक्षीप्रेमी आणि श्वानप्रेमी समोरासमोर आले. सुनावण्या, अहवाल, मोर्चे असं सगळं झालं; २०१६ मध्ये कडक नियमांचा मसुदा आला आणि २०१७ मध्ये तो गुंडाळला गेला. वाळू कोणाकोणाची आहे हे सुरुवातीला ठरवलं नाही, म्हणून दोन पिढ्या भांडत राहिल्या.

आपल्या किनाऱ्यावर वाटेकरी त्याहून जास्त आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास घ्या. हिवाळ्यात रात्री ऑलिव्ह रिडले कासवाची मादी भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांनी मडक्यासारखा खड्डा खणते, त्यात शंभरेक अंडी घालते, वाळू सारून थापटते आणि समुद्रात परत जाते. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. तेवढ्या काळात वास घेत फिरणाऱ्या एका कुत्र्याला किंवा कोल्ह्याला ते घरटं उकरायला पाच मिनिटं पुरतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून इथे जे काम उभारलं, त्यात अंडी काढून कुंपणातल्या सुरक्षित जागेत पुन्हा पुरणं हाच कळीचा भाग होता. गोव्यात मोरजी, आगोंद, गाल्जीबाग इथेही असेच राखीव पट्टे आहेत. अशा किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मे या काळात पट्टा सोडण्याची मागणी कोणी करूच नये.

वेसाव्याच्या कोळीवाड्यात अडचण वेगळी. तिथे वाळूवर बांबूच्या वलांड्या उभ्या असतात आणि त्यांवर बोंबील सुकत असतात. कोळिणीसाठी ते वाळवण म्हणजे विक्रीचा माल. धडगावातल्या बाईच्या आमचुरासारखाच. त्याच्या खांबाशी पाय वर करणारं कुत्रं तिला का चालावं? शिवाय कुत्र्याच्या विष्ठेतून येणाऱ्या अंकुशकृमीच्या अळ्या ओलसर वाळूत टिकतात आणि अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. लहान मुलं त्याच वाळूत किल्ले करतात. ‘उचलून टाकू’ असं म्हणणारा मालक खरोखर पिशवी घेऊन येतो का, हे म्हणूनच किरकोळ नाही.

आणि सर्वांत मोठा वाटेकरी तर कुत्राच. मुंबईतल्या २०१४ च्या गणनेत भटकी कुत्री सुमारे ९५ हजार निघाली होती. प्रत्येक किनाऱ्यावर त्यांच्या टोळ्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. कॅलिफोर्नियातल्या श्वानपालकाला ही अडचण येत नाही. तिथे वाळूवर दिसणाऱ्या बहुतेक प्रत्येक कुत्र्यामागे एक मालक असतो. इथे लॅब्राडोरचा पट्टा काढला की दोन मिनिटांत चार जण गुरगुरत येतात, भांडण जुंपतं आणि सोडवायला गेलेला माणूस चावून घेतो. परदेशातल्यासारखी नुसती पाटी लावून इथे भागणार नाही, कुंपण लागेलच. न्यूयॉर्कच्या वेळाही जशाच्या तशा उचलता येणार नाहीत. सकाळी सहाला जुहूवर फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, रात्री नऊला चौपाटीवर भेळवाल्यांभोवती माणसं असतात, आणि दुपारच्या वाळूवर कुत्र्याचे तळवे भाजतात.

लोकांच्या मनात चावण्याच्या भीतीमागे रेबीजची भीती असते, आणि ती खोटी नाही. लक्षणं दिसल्यावर या रोगातून माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. त्या बाबतीत गोव्याने करून दाखवलेलं काम किनाऱ्यावरच्या कुठल्याही चळवळीने आधी अभ्यासावं. मिशन रेबीज ही संस्था आणि गोवा सरकार यांनी मिळून वर्षानुवर्षं घराघरांत आणि रस्त्यारस्त्यांवर लसीकरण केलं. पाळीव कुत्र्याला दारात टोचलं. मोकाट कुत्र्यासाठी लांब दांड्याच्या जाळ्या घेतलेली माणसं धावली. कुत्रं जाळीत अडकलं की एकजण सुई टोचतो, दुसरा डोक्यावर रंगाचा पट्टा ओढतो, तिसरा फोनवरच्या अ‍ॅपमध्ये जागेसकट नोंद करतो, आणि मिनिटभरात कुत्रं सुटतं. रंगामुळे तेच कुत्रं दोनदा धरलं जात नाही, आणि कोणत्या वाडीत किती राहिली ते कळतं. दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षांत गोव्यात माणसाला रेबीज झाल्याची एकही नोंद नव्हती.

याच मुद्द्यावर धडगाव पुन्हा चित्रात येतं. देशाने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा आराखडा २०२१ मध्ये जाहीर केला. धडगावात ग्रामीण रुग्णालय आहे, नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखानाही आहे. पण लशीचे डोस ठरलेल्या दिवशीच घ्यावे लागतात आणि दूरच्या पाड्यावरून प्रत्येक डोसासाठी डोंगर उतरणं म्हणजे दरवेळी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची हे तरी सर्वांना ठाऊक हवं. कुत्र्याला टोचणं हे माणसाला टोचण्यापेक्षा इथे कितीतरी सोपं आणि स्वस्त पडेल. लसीकरणासाठी आवाज उठवणारा मुंबईचा श्वानपालक पाड्यावरच्या गुराख्याचंही काम करत असतो. नुसत्या वाळूच्या तुकड्यासाठी भांडणारा तेवढ्यापुरताच राहतो.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय देशाच्या चव्हाट्यावर आणला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा, असा आदेश झाला. मोठी ओरड झाली आणि २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला: निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री जिथली तिथे सोडा, पिसाळलेली व आक्रमक तेवढी वगळा, आणि खाऊ घालण्यासाठी प्रभागनिहाय जागा ठरवा. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं यांतून कुत्री हटवण्याचा हुकूम आला. आदेशांविषयी मतं काहीही असोत, कुत्र्याला कुठली जागा आहे आणि कुठली नाही, ही भाषा आता न्यायालयातच रूढ झाली आहे. ‘भीक नको पण कुत्रं आवर’ या मनःस्थितीत असलेल्या समाजापुढे श्वानपालकांना याच भाषेत बोलावं लागेल.

तेव्हा मागणीचा अर्ज कसा असावा? किनाऱ्याची जमीन साधारणपणे महसूल खात्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. मुंबईत वाळूची सफाई महापालिका करते. अर्ज दोघांकडेही जायला हवा. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पक्कं बांधकाम होत नाही. त्यामुळे बांबूचं, उचलून नेता येईल असं कुंपण मागावं. कासवांचे किनारे आणि कोळीवाड्यांच्या वाळवणाच्या जागा अर्जदारांनी स्वतःच नकाशावर वगळून दाखवाव्यात. प्रवेशासाठी परवाना आणि लशीचा दाखला सक्तीचा करावा. जवळच्या वस्तीतल्या भटक्या कुत्र्यांच्या लसीकरणाचा खर्च श्वानपालकांच्या वर्गणीतून उचलण्याची तयारी त्याच कागदावर लिहावी. मुदत एका हंगामाची मागावी आणि त्या हंगामात चाव्यांच्या किती तक्रारी आल्या याची वही ठेवून ती कोळीवाड्याच्या पंचांनाही दाखवावी. दारावर दाखले तपासणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार, यावर मात्र पालिका आणि श्वानपालक यांच्यात पहिल्याच बैठकीत खडाजंगी होईल. त्याची तयारी करूनच जावं.