युद्धाचा अधिकार कोणाचा?

३ सप्टेंबर १९३९ रोजीं हिंदुस्थान युद्धांत पडला, हें येथील लोकांस व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या जाहीरनाम्यावरून कळलें. मध्यवर्ती कायदेमंडळास कोणीं विचारलेंही नव्हतें. मुंबईच्या खेर मंत्रिमंडळासह राष्ट्रसभेच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनीं त्याच वर्षीं राजीनामे दिले. तेव्हां ज्यांचीं मुलें रणांगणावर जावयाचीं त्यांचें मत आधीं घ्यावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न आपणांस परका नाहीं. परतंत्र देशांत त्याचें उत्तर सोपें होतें. स्वतंत्र लोकशाहींत तो किती बिकट होतो, तें पाहावयाचें तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे वळलें पाहिजे.

१७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें घटना तयार होत असतां मसुद्यांत काँग्रेसला, म्हणजे तेथील कायदेमंडळाला, युद्ध ‘करण्याचा’ अधिकार दिला होता. १७ ऑगस्ट रोजीं मॅडिसन व गेरी यांनीं ‘करणें’ काढून ‘पुकारणें’ हा शब्द घालण्याची सूचना आणिली. हेतु इतकाच कीं, शत्रु अकस्मात् चालून आला तर अध्यक्षानें सभेची वाट पाहत बसूं नये. युद्ध पुकारणें व पैसा देणें काँग्रेसकडे, सेनापतित्व अध्यक्षाकडे, अशी ही वांटणी ठरली.

परंतु ‘अकस्मात् हल्ला’ हे शब्द वाटेल तितके ताणतां येतात. १८४६ सालीं अध्यक्ष पोल्क यांनीं मेक्सिकोशीं वाद असलेल्या सरहद्दीवर सैन्य धाडलें, चकमक झाली, आणि आपल्या भूमीवर आपलें रक्त सांडलें असें सांगून त्यांनीं काँग्रेसची संमति मिळविली. पुढील वर्षीं इलिनॉयचा एक नवखा सभासद, तें रक्त नेमकें कोणत्या जागीं सांडलें तें दाखवा, असा आग्रह धरूं लागला. त्याचें नांव अब्राहम लिंकन! याच लिंकननें १८६१ सालीं अध्यक्ष झाल्यावर सैन्य बोलाविलें, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली, आणि काँग्रेस भरविली ती ४ जुलै रोजीं. ही नाकेबंदी सर्वोच्च न्यायालयानें १८६३ मध्यें पांच विरुद्ध चार मतांनीं वैध ठरविली. एवढ्यावरून लिंकन यांस ढोंगी म्हणणें आम्हांस पटत नाहीं. सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या होत्या, थांबणें म्हणजे राज्य मोडूं देणें होतें. शिवाय त्यांनीं आपलीं कृत्यें काँग्रेसपुढें ठेवून तिची मान्यता मागितली. हा भेद आम्ही फार मोठा समजतों.

पुढें हा संकोचही उरला नाहीं. १९४२ नंतर अमेरिकेनें विधिपूर्वक युद्ध पुकारलेलेंच नाहीं. १९५० सालीं ट्रूमन यांनीं कोरियांत सैन्य पाठविलें तें काँग्रेसच्या मतावांचून. १९७३ सालीं निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसनें कायदा केला कीं, सैन्य लढाईंत घातल्यास ४८ तासांत कळवावें, आणि संमति न मिळाल्यास ६० दिवसांनीं लढाई थांबवावी. २०११ सालीं लिबियांत ६० दिवस उलटले, तेव्हां सरकारनें सांगितलें कीं, आमचें तेथील कार्य या कायद्याच्या अर्थानें ‘लढाई’ नव्हेच. आमच्या नैयायिकांसही हें सुचलें नसतें!

अध्यक्षांनीं अधिकार लुबाडला असें म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तो बहुधा आपखुषीनें सोडला गेला. मत दिलें म्हणजे पुढें त्याचा जाब द्यावा लागतो. न दिलें तर जयाच्या वेळीं टाळ्या वाजवितां येतात आणि पराजयाच्या वेळीं अध्यक्षाकडे बोट दाखवितां येतें. कोणी म्हणेल, शेंकडों सभासदांच्या वादावादींत देश बुडेल. हल्ला परतविण्यापुरतें हें खरें. परंतु दूरच्या देशांवर जीं सैन्यें महिनोन्‌महिने तयारी करून जातात, त्यांच्याबाबत विचारावयास सवड नव्हती हें कसें मानावें?

बरें, विचारलें तरी भागतें असें नाहीं. ऑगस्ट १९६४ मध्यें टोंकिनच्या आखातांतील घटनेवरून जॉन्सन यांना आग्नेय आशियांत आवश्यक तें सर्व करण्याची मुभा देणारा ठराव आला. प्रतिनिधिगृहांत तो ४१६ विरुद्ध शून्य मतांनीं पसार झाला. काय करावयाचें, कोठवर, किती माणसें खर्ची घालून, यांपैकीं कांहींच त्यांत ठरलें नव्हतें. पुढें व्हिएतनामांत ५८,००० हून अधिक अमेरिकन सैनिक मेले, आणि व्हिएतनामी किती तरी पटींनीं अधिक. ज्यानें असें कोरें मत दिलें त्याच्या माथ्यावरील भार मुळींच मत न देणाऱ्याहून हलका आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. सिनेटमध्यें ८८ जण अनुकूल होते. प्रतिकूल दोघेच, ओरेगॉनचे मोर्स व अलास्काचे ग्रुएनिंग. ठराव १९७१ सालीं रद्द झाला. पण १९६८ च्या निवडणुकींतच या दोघांनाही आपल्या जागा गमवाव्या लागल्या होत्या.