रूपांतराचे ऋण

एका माध्यमातील कलाकृती दुसऱ्या माध्यमात नेणारा नेमका कोणाचा ऋणी असतो? मूळ कर्त्याचा, की नव्या प्रेक्षकाचा? बहुधा उत्तर या दोहोंतच शोधले जाते, आणि तेथेच आपण चुकतो असे मला वाटते.

झाक देमी यांचा ‘शेरबूरच्या छत्र्या’ हा फ्रेंच चित्रपट १९६४ साली आला व कान महोत्सवातील सर्वोच्च सन्मान त्यास लाभला. छत्र्यांच्या दुकानातील मुलगी आणि गॅरेजमधील तरुण यांचे प्रेम. तो अल्जीरियाच्या युद्धावर जातो, ती गर्भवती असते आणि अखेर एका जवाहिऱ्याशी विवाह करते. कथा एवढीच. नवल हे की तीत एकही वाक्य नुसते बोललेले नाही. गाडीची दुरुस्ती, दुकानाची देणी, सारे मिशेल लग्राँ यांच्या संगीतात गायिले जाते. पुढे काही वर्षांनी बर्फ पडत असता ती दोघे पेट्रोल पंपावर भेटतात, तेव्हा गाडीत कोणते पेट्रोल भरायचे हा प्रश्नदेखील सुरातच येतो. काळीज फाटावे अशा घटकेला हा व्यवहार! गाण्यासाठी निराळी जागा राखायची नाही, ही देमींनी स्वतःवर घातलेली अट होती.

२०११ च्या मार्चमध्ये लंडनच्या रंगभूमीवर याचे संगीत नाट्यरूप आले. संगीत लग्राँ यांचेच. पण प्रेक्षकांशी लाडीगोडी करणारी, थट्टा करीत कथेत नेणारी एक निवेदिका त्यात नव्याने घातली होती. मे महिन्यातच प्रयोग थांबले. आपल्या संगीत नाटकातही सूत्रधार असतो. पण तो प्रस्तावना करून निघून जातो, कथेबद्दल क्षमा मागत बसत नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाला साकी-दिंडीत आणले. केवढा हा बदल! तरी शकुंतलेच्या दुःखावरचा त्यांचा विश्वास ढळला नाही.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नागपूरच्या दारव्हेकर मास्तरांचे नाटक १९६७ चे. (१९५६ पर्यंत नागपूर हीच आपलीही राजधानी, म्हणून हा अभिमान.) २०१५ साली त्याचा चित्रपट झाला, खूप चालला. मला मात्र तो उणा वाटला. वैभव होते, गळेही उत्तम होते. पण रंगमंचावर वसंतराव देशपांडे खाँसाहेब होऊन गात, तेव्हा त्या रात्रीचे गाणे त्या रात्रीच सिद्ध व्हायचे असे. ते फसूही शकत होते. दोन घराण्यांच्या सामन्याला खरेपणा येई तो त्या जोखमीमुळे. पडद्यावर निकाल आधीच ध्वनिमुद्रित झालेला असतो. देमींच्या चित्रपटातली कुजबुज रंगमंचावर टिकत नाही, तशीच ही जोखीम पडद्यावर उतरत नाही. म्हणून रूपांतर करणाऱ्याचे ऋण मला कृती ज्या अटीवर जगली त्या अटीचे वाटते. ती अट नव्या माध्यमात चालणार नसेल, तर तितकीच कठीण दुसरी अट त्याने शोधावी.

आपण तर हे रोजच करतो. कटंगीत हिंदी शाळेत जाणाऱ्या नातवाला आजी चिमणी-कावळ्याची गोष्ट हिंदीत सांगते. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, शब्द बदलले तरी ते वाहूनच जाते. पण ‘जुन्या काळची वेडी गोष्ट आहे हो’ असे तिने मध्येच हसून म्हटले, की नातू तिच्या तोंडाकडे पाहू लागतो, आणि कावळा बाहेर भिजत राहतो.