नोकरीआधीची बेकारी

बेकारी विम्याची मूळ कल्पना साधी आहे. कामगार कमावता असताना आठवड्याला थोडी रक्कम भरतो, मालक भरतो, सरकार आपली भर घालते आणि काम सुटले की त्या जमेतून ठरावीक काळ भत्ता मिळतो. ब्रिटनने १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने ही कल्पना प्रथम देशपातळीवर आणि सक्तीने अमलात आणली. जहाजबांधणी, इमारतकाम, यंत्रनिर्मिती अशा मंदीचा फटका चटकन बसणाऱ्या मोजक्या धंद्यांना तो कायदा लागू होता. भत्ता आठवड्याला सात शिलिंग, तोही वर्षात जास्तीत जास्त पंधरा आठवडे. बेकार म्हणजे ज्याचे काम गेले तो, हे त्यात गृहीतच धरलेले होते. ज्याला काम अजून लागलेलेच नाही, त्याच्या नावावर एकही हप्ता जमा नसल्यामुळे तो या हिशेबात कुठेच बसत नव्हता.

त्या काळी याची फारशी अडचण झाली नाही. कामगारांची मुले तेरा-चौदाव्या वर्षी शाळा सोडून थेट कारखान्यात जात. पुढे शिक्षण बाविशी-चोविशीपर्यंत लांबले. पदवी आणि पहिला पगार यांच्यामध्ये काही महिन्यांची, कधी काही वर्षांची फट पडली. कायदे मात्र हप्त्यांच्याच भाषेत बोलत राहिले. जर्मनीत विम्याचा बेकारभत्ता मिळायला मागच्या तीस महिन्यांत किमान बारा महिन्यांची विमापात्र नोकरी लागते. शिकताना अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्याला बेकारी विम्याच्या हप्त्यातून सूट असते. हातात चार युरो जास्त पडतात म्हणून ती सूट सवलत वाटते, पण पदवी मिळाल्यावर तीच आडवी येते, कारण इतकी वर्षे काम करूनही खात्यावर शून्यच असते. अमेरिकेत भत्ता आधीच्या काही तिमाहींतल्या वेतनावर ठरतो, त्यामुळे तिथेही नवा पदवीधर रिकाम्या हातानेच परत येतो.

विमाशास्त्राच्या दृष्टीने यात चूक काढता येणार नाही. जे हातात नव्हते ते हरवले कसे म्हणणार आणि न हरवलेल्याची भरपाई कुठली? पण बेकारी विमा हा कधीच निव्वळ विमा नव्हता. सरकारची भर त्यात पहिल्यापासून होती, म्हणजे कोणाची कोणती गरज सार्वजनिक मानायची हा निर्णयही पहिल्यापासून होता. नव्या पदवीधराबाबत हा निर्णय दोन वाटांनी घेतला गेला. काही देशांनी शिक्षणाची वर्षेच हप्त्यांच्या जागी धरली. इतरांनी पदवीधराला कामगारांच्या रांगेतून काढून गरिबांच्या रांगेत उभे केले.

पहिल्या वाटेचे सर्वांत ठळक उदाहरण डेन्मार्कचे. तिथला बेकारी विमा सरकारी खाते चालवत नाही. कामगार संघटनांच्या परंपरेतून आलेले, सरकारमान्य स्वतंत्र निधी तो चालवतात. कामगारांच्या निधींना सार्वजनिक पैशाची जोड द्यायची ही पद्धत १९०१ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहराने सुरू केली आणि डेन्मार्कने १९०७ मध्ये तिला कायद्याचे रूप दिले. सदस्यत्व ऐच्छिक असते. किमान अठरा महिन्यांचा मान्यताप्राप्त व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला एकही दिवस नोकरी न करता या निधीतून भत्ता मिळू शकतो.

हा हक्क किती बारीक धाग्याला टांगलेला आहे, ते तपशिलात गेल्यावर कळते. अभ्यासक्रम संपल्यापासून चौदा दिवसांच्या आत निधीचे सदस्य व्हावे लागते. हे चौदा दिवस मोजायचे ते अभ्यासक्रम पुरा झाल्याच्या दिवसापासून. पदवीदान समारंभ महिन्याभराने असला तरी त्याचा इथे काही संबंध नाही. पंधराव्या दिवशी अर्ज केला तर सदस्यत्व मिळते, पण पदवीधर म्हणून असलेला हक्क जातो आणि मग इतरांसारखी आधी कमाई दाखवावी लागते. मुदतीत अर्ज केलेल्यालाही भत्ता महिन्याभरानंतरच सुरू होतो. ज्याने शिकत असतानाच वर्षभर आधी सदस्यत्व घेतले असेल, त्याला मात्र पहिल्या दिवसापासून मिळतो. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांकडून निधी त्या काळात वर्गणीही घेत नाहीत, म्हणजे फुकट मिळणारी गोष्ट वेळेवर मागितली की नाही, एवढाच फरक उरतो. शिवाय बेकारीच्या पहिल्याच दिवशी सरकारी रोजगार केंद्रात नाव नोंदवावे लागते. नोंदणी चार दिवस उशिरा झाली तर त्या चार दिवसांचे पैसे बुडाले.

रक्कमही पूर्ण नसते. मुलेबाळे नसलेल्या पदवीधराला कमाल भत्त्याच्या ७१.५ टक्के आणि मुलांची जबाबदारी असलेल्याला ८२ टक्के, असे दर अनेक वर्षे होते. मे २०२३ पासून पदवीधरांसाठी भत्त्याची मुदत दोन वर्षांवरून एका वर्षावर आली आणि तिशीच्या आतल्या, मूल नसलेल्यांची रक्कम पहिल्या तीन महिन्यांनंतर आणखी खाली आणली गेली. भत्ता चांगला असला की पदवीधर मिळेल ते काम न धरता मनाजोगत्या कामाची वाट पाहत बसतो, हा त्यामागचा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नाही. पण अभियंत्याने पहिल्याच आठवड्यात गोदामात पेट्या उचलायला जावे यात अर्थव्यवस्थेचा फायदा काय, हेही कोणी नीट सांगितलेले नाही.

बेल्जियमने याच वाटेवर उलटी सोय केली. तिथे अनेक वर्षे शाळा-महाविद्यालय संपल्यावर तरुणाला आधी ३१० दिवस थांबावे लागे. रविवार त्यात धरत नसत, म्हणजे जवळपास पूर्ण वर्ष. या काळात त्याने काम शोधल्याची तपासणी होई आणि ती पार पडली तरच भत्ता सुरू होई. २०१२ मध्ये या भत्त्याला सर्वसाधारणपणे ३६ महिन्यांची मर्यादा घातली गेली. २०१५ पासून वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होण्याआधी मागणी करण्याची अट आली. वर्षभराचा थांबा त्यात मिळवला तर चोविशीनंतर शिक्षण संपवणारा जवळजवळ आपोआप बाहेर पडे. जास्त शिकलेल्याला कमी हक्क, असा हा उफराटा न्याय होता.

दुसरी वाट ब्रिटनची. १९९० पर्यंत तिथले विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीतसुद्धा सरकारी मदत मागू शकत. विद्यार्थी कर्जे आली आणि ती सोय बंद झाली. आता पदवीधराच्या वाट्याला येते ती युनिव्हर्सल क्रेडिट ही गरजेवर आधारलेली मदत. तिला हप्ते लागत नाहीत, पण १६,००० पौंडांपेक्षा जास्त बचत चालत नाही. अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दिवसापर्यंत व्यक्ती विद्यार्थीच मानली जाते. अर्जानंतर पहिली रक्कम हाती यायला साधारण पाच आठवडे लागतात. मध्ये उचल मिळते, पण ती पुढच्या रकमांतून कापून घेतली जाते. २०२४-२५ मध्ये पंचविशीवरच्या एकट्या व्यक्तीसाठी महिन्याला ३९३.४५ पौंड ठरले होते, पंचविशीखालच्यासाठी ३११.६८. भाकरीचा भाव वय पाहून ठरत नाही. तरुणाच्या डोक्यावर आईवडिलांचे छप्पर असेलच, असे सरकार धरून चालते. तरीही ब्रिटिश पद्धतीत मदत ठरवताना आईवडिलांचे उत्पन्न पाहत नाहीत. जर्मनी तेही पाहते. पंचविशीखालचा अविवाहित मुलगा किंवा मुलगी घरीच राहत असेल, तर आईवडिलांसह सगळे एकच गरजू कुटुंब धरले जाते. घरात पैसा असेल तर मुलाला काही मिळत नाही.

पुण्या-मुंबईहून शिकायला गेलेल्यांना यातले जवळजवळ काहीच लागू नाही. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा आणि त्यानंतर काम शोधण्यासाठी मिळणारा व्हिसा, दोन्हींवर सरकारी मदत घेण्याची बंदी असते. जर्मनी पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने देते, पण त्या काळातला खर्च स्वतः भागवण्याच्या अटीवर. अमेरिका त्याही पुढे जाते. पदवीनंतरच्या वर्षभराच्या कामाच्या परवान्यात एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिले, तर तिथे राहण्याचा अधिकारच धोक्यात येतो. इतरांना जी अवस्था भत्ता मिळवून देते, तीच या मुलांना परतीच्या विमानात बसवते. शैक्षणिक कर्जाचे व्याज मात्र इकडे चालूच असते.

अमेरिकेतला आधीच्या वेतनाचा नियम थोड्या काळासाठी वाकला. मार्च २०२० च्या कोविड मदत कायद्याने तात्पुरती बेकारी मदत सुरू केली, तेव्हा पात्रतेच्या कारणांत एक वेगळे कारण होते: नोकरी सुरू होणार होती, पण साथीमुळे ती सुरूच झाली नाही. नियुक्तिपत्र हाती असलेला पदवीधरही बेकार ठरला.

भारतात राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारीच्या काळात सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख केला आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आणि आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. प्रत्यक्षातली साधने पुन्हा हप्त्यांवरच उभी आहेत. राज्य कामगार विमा महामंडळाने २००५ मध्ये आणि २०१८ मध्ये बेकारभत्त्याच्या योजना आणल्या, त्या विमाधारक कामगाराची नोकरी गेल्यावर लागू होतात. ज्याच्या नावावर भविष्यनिर्वाह निधीचे खातेही नाही, त्याच्यासाठी त्यात काही नाही.

महाराष्ट्राची रोजगार हमी या चौकटीबाहेरची होती. १९७७ च्या कायद्याने काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम देणे, नाहीतर भत्ता देणे, हे सरकारवर बंधनकारक केले. आधीचे हप्ते, आधीची नोकरी, काहीच विचारले नाही. या हमीच्या खर्चासाठी १९७५ मध्येच व्यवसाय कर बसवला गेला होता. नोकरदाराच्या पगारपत्रकावर महिन्याला दोनशे रुपयांची कपात दिसते, तिचा उगम तिथे आहे. शहरातल्या पगारातून गावच्या बेकाराची सोय करण्याचा हा विचार धाडसी होता. पण हमी होती ती अंगमेहनतीच्या कामाची. पदवीधराने खडी फोडायला जावे की नाही हा त्याचा प्रश्न, आणि तो सहसा जात नसे. त्याच्या वाट्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड आले, जे वेळोवेळी नूतनीकरण करून कपाटात ठेवायचे.

कर्नाटकाच्या युवा निधी योजनेने या पदवीधरालाच पुढे धरले. २०२२-२३ मध्ये उत्तीर्ण झालेल्यांपासून सुरुवात करून पदवीधराला महिन्याला ३,००० आणि पदविकाधारकाला १,५०० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षे देण्याचे ठरले. जानेवारी २०२४ मध्ये पहिले पैसे खात्यांत आले. निकालानंतर १८० दिवस बेकार असावे लागते. पुढे शिकत असलेल्याला भत्ता नाही आणि आपण अजून बेकार आहोत असे वेळोवेळी लिहून द्यावे लागते. बेळगावातल्या मराठी पदवीधराला मिळू शकणारी ही रक्कम सीमेपलीकडे चंदगडच्या पदवीधराला मिळत नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, ती तत्त्वतः वेगळी आहे. बारावी झालेल्याला ६,०००, पदविका किंवा आयटीआयवाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, पण कार्यालयात किंवा कारखान्यात काम करण्याच्या बदल्यात. सुरुवातीचे सहा महिने पुढे वाढवून अकरा केले गेले. मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी कायम करण्याची मागणी घेऊन रस्त्यावर आले.

पदवी आणि नोकरी यांमधल्या या थांब्याचा खरा भार कोण उचलतो, ते आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात दिसते. २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतली बेकारी २९.१ टक्के होती, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. अडाण्याला नोकऱ्या जास्त आहेत, असा याचा अर्थ नव्हे. त्याच्या घरी थांबायची सोय नाही, म्हणून तो मिळेल त्या मजुरीला लागतो आणि आकड्यांत बेकार दिसत नाही. पदवीधराला दोन-तीन वर्षे स्पर्धा परीक्षेच्या वर्गात बसता येते, कारण बापाची पेन्शन, आईची शिवणकामाची कमाई किंवा गावाकडची चार एकर जमीन त्याचा भत्ता देत असते. हा भत्ता कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. मुलीच्या बाबतीत त्याची मुदत बहुतेक घरांत लवकर संपते आणि तिचे लग्न ठरवले जाते.

यातही सर्वांत अधांतरी अवस्था आहे ती नियुक्तिपत्र मिळून रुजू न झालेल्यांची. २०२२ च्या अभियांत्रिकी तुकडीतल्या अनेकांना माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी कॅम्पसवर निवडले आणि रुजू होण्याची तारीख महिनोन्महिने, काहींची दोन वर्षे पुढे ढकलली. दुसरी नोकरी धरावी तर हातातली जायची भीती, आणि घरी विचारणाऱ्यांना सांगायला नोकरी तर लागलेलीच. कामगार कायद्यांच्या लेखी रुजू होईपर्यंत तो कर्मचारी नाही, त्यामुळे त्याची नोकरी गेली असेही म्हणता येत नाही. वेतन सुरू झालेले नसल्याने विम्याचा हप्ता नाही आणि हप्ता नसल्याने भत्त्याचा प्रश्नच येत नाही.