ऊर्मिलेचं पुढे काय झालं?

२५ जानेवारी १९८७ या दिवशी दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी साडेनऊ वाजले की रस्ते ओस पडायचे. टीव्हीला हार, समोर उदबत्ती, आणि ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या घरात अख्खी आळी. नाशिककरांची तर गंमतच. खरी पंचवटी पूल ओलांडला की आहे, पण डोळे लागलेले असायचे गुजरातेतल्या उंबरगावच्या सेटवरच्या पर्णकुटीकडे!

३१ जुलै १९८८ ला मालिका संपली आणि त्याच सुमारास जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. वाल्मीकींना ते दैवत मानतात, आणि लव-कुशांची, म्हणजे वाल्मीकींच्या आश्रमाची गोष्ट येण्याआधीच मालिका आटोपती घेतली जात होती. संप उत्तरेतल्या आणखी शहरांत पसरला, कचऱ्याचे ढीग साचले, शेवटी सरकारला नमतं घ्यावं लागलं. 'उत्तर रामायण' आलं ते त्यानंतर.

पुढची गोष्ट मिळावी म्हणून झाडू खाली ठेवणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग ती स्वतःच लिहून काढण्याचा. मालिका दुसऱ्याची, पात्रं दुसऱ्याची, पुढचं कथानक मात्र आपलं. याला आता फॅन फिक्शन म्हणतात. प्रेमापोटी लोक असं लिहितात, ही समजूत अर्धीच खरी. लिहायला बसवतं ते बहुधा भांडण. इथे का थांबलात, हिला वाऱ्यावर का सोडलंत, त्या दोघांची भेट का घडवली नाहीत?

अमेरिकेत १९६६ साली 'स्टार ट्रेक' नावाची अंतराळातली मालिका सुरू झाली. वर्षभरात, १९६७ मध्ये, 'स्पॉकनेलिया' हा चाहत्यांचा अंक निघाला. टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायची, यंत्राला शाई लावायची, एकेक पान काढायचं, गठ्ठा जुळवून स्टेपल मारायचे आणि पोस्टाने पाठवायचं. आपल्याकडे कॉलेजातली मुलं सायक्लोस्टाइल अंक काढायची, त्याच जातकुळीचं काम. लिहिणाऱ्यांत बायका अधिक होत्या, हे विशेष.

लोइस मॅकमास्टर ब्यूजोल्ड ही त्यातलीच एक. शाळेत तिला लिलियन नावाची मैत्रीण भेटली. दोघींना वाचनाचं वेड, दोघी मिळून गोष्टी रचायच्या. 'स्टार ट्रेक'ने झपाटल्यावर त्यांनी 'स्टारडेट' हा अंक काढला. १९६८ साली त्यात लोइसची कथा छापून आली. तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची होती. मग लग्न, दोन मुलं, पैशाची ओढाताण, आणि लेखन मागे पडलं. ऐंशीच्या दशकात लिलियनच्या गोष्टी विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा लोइसनेही पुन्हा कागद पुढे ओढले. पहिली कादंबरी १९८६ ला आली. पुढे उत्तम कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार तिने चार वेळा घेतला. तरुणपणी उसन्या यानात बसून केलेला सराव फुकट गेला नाही.

आपल्याकडे २०११ मध्ये स्टार प्लसवर 'इस प्यार को क्या नाम दूँ' लागली. २०१२ च्या नोव्हेंबरात ती संपली, पण अर्णव आणि खुशी यांचा संसार चाहते नंतरही वर्षानुवर्षं लिहीत राहिले. रोजच्या मालिकेत दोन जीवांना धड बोलूही न देता महिना महिना ताणलं जातं. ते राहिलेलं बोलणं कुणीतरी पुरं करणारच!

टीव्ही यायच्या कितीतरी आधी मोरोपंतांनी हा उद्योग केला होता. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं मानतात. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे प, फ, ब, भ, म या अक्षरांना फाटा देऊन लिहिलेलं. 'म'शिवाय रामकथा सांगण्याचा पेच स्वतःहून ओढवून घेणारा असा चाहता विरळाच.

भांडणाचाही दाखला आहे. १९०८ साली महावीरप्रसाद द्विवेदींनी 'सरस्वती' मासिकात तक्रार मांडली: सीतेवर एवढं लिहिता, लक्ष्मणामागे चौदा वर्षं एकटी राहिलेल्या ऊर्मिलेची कवींना आठवण कशी होत नाही? ती तक्रार मैथिलीशरण गुप्तांनी मनावर घेतली आणि 'साकेत'मध्ये ऊर्मिलेला मध्यभागी आणलं. त्याआधी, १९२५ मध्ये, झाशीजवळच्या चिरगावच्या या कवीने 'पंचवटी' लिहिलं होतं. चांदण्या रात्री पर्णकुटीबाहेर पहारा देणारा लक्ष्मण आणि तिथे येऊन ठेपलेली शूर्पणखा, असा तो प्रसंग. नाशिकची रात्र, चिरगावचा कवी.

खुद्द नाशकात इंग्रजीचे प्राध्यापक वसंत कानेटकर यांनी महाभारताकडे असंच वाकून पाहिलं. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'त त्यांनी सत्यवतीला गाठलं. भीष्माच्या प्रतिज्ञेचं कौतुक सगळ्यांनी केलं. ती प्रतिज्ञा जिच्यापायी झाली तिचं काय, हा नाटककाराचा प्रश्न.

पुण्याच्या कादंबरीकार कविता काणे इंग्रजीत लिहितात. २०१४ मध्ये त्यांची ऊर्मिलेवरची 'सीताज सिस्टर' आली, आणि पुढे त्यांनी शूर्पणखेवरही कादंबरी लिहिली. ही निवड नाशिककरांनी जरा थांबून पाहावी अशी आहे. तपोवनात लक्ष्मणाने तिचं नाक कापलं, एवढंच आपण पाहुण्यांना सांगतो. उत्तरकांडात मात्र तिची आणखी एक हकीकत आहे. तिचा नवरा विद्युज्जिव्ह रावणाच्या हातून लढाईत मारला गेला, आणि ती भावापुढे रडत आली. तेव्हा रावणाने तिची समजूत घालून तिला खर या राक्षसाबरोबर दंडकारण्यात धाडलं.