भ्यालेला तो अभक्त का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची दगडामातीची घरे भूकंपात कोसळली. त्यातून वाचलेल्याचे ऊर पुढे नुसत्या ट्रकच्या धडधडीनेही दडपावे, यात नवल ते काय? पण आपण चटकन म्हणतो, "अरे, देवावर हवाला टाक की!" जणू त्याची श्रद्धाच उणी पडली.

पाहा, काळजाचे ठोके, घाम, अन्नाचे पचन, हा सारा कारभार स्वायत्त चेतासंस्थेचा. ती आपली परवानगी विचारीत नाही. तिची एक शाखा संकटात देहाला पळायला, झुंजायला सज्ज करते. दुसरी त्याला निववते. आघात मोठा असला, तर संकट सरले तरी पहिली पहारा सोडीत नाही. हा देहाचा धर्म आहे, भावाची उणीव नव्हे.

या कारभारात श्वास तेवढा थोडा आपल्या हाती. तो सावकाश सोडला की ठोका मंदावतो. म्हणून जाणता उपचारक आधी देह स्वस्थ करतो, मग बेताबेताने आठवणीकडे नेतो. रेटून बोलवीत नाही.

आपणही उपदेश आवरावा, जवळ बसावे. दिंडीत पाय सुजून मागे राहिलेल्याला कोणी अभक्त म्हणतो का? त्याच्यासाठी आपणच चाल मंद करतो ना!