एकटीचे ताट : दैनंदिनता, साक्ष आणि सोबत

'एकटा जीव सदाशिव' ही म्हण मराठी भाषकाच्या तोंडी सहज येते. तिच्यातला एकटा हा पुरुष आहे, आणि त्याच्या एकटेपणाला सदाशिवाची, म्हणजे पाशमुक्त व निरिच्छ दैवताची, उपमा लाभलेली आहे. या म्हणीचे स्त्रीलिंगी रूप भाषेत रूढ झाले नाही. स्त्रीच्या एकटेपणाविषयी जे वाक्य घरोघर ऐकू येते ते वेगळ्या वळणाचे आहे : 'एकटीसाठी काय करायचे?' ते बहुधा स्वयंपाकाच्या संदर्भात येते आणि बहुधा ती स्त्री स्वतःच ते उच्चारते. वरवर पाहता हे वाक्य काटकसरीचे किंवा कंटाळ्याचे वाटते. परंतु त्याच्या पोटात एक संपूर्ण नीतिमीमांसा दडलेली आहे. कृती दुसऱ्या कुणासाठी केली गेली तरच तिला मूल्य प्राप्त होते, करणारी आणि भोगणारी व्यक्ती एकच असेल तर ती केवळ शरीराची गरज उरते, असे हे वाक्य गृहीत धरते. हे गृहीतक कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. महानगरातील सदनिकेत एकटी राहणारी वृद्ध स्त्री ही या विचाराची कसोटी होय. कारण तिच्या दिवसातील जवळजवळ प्रत्येक कृतीला हा प्रश्न चिकटलेला असतो.

ही कसोटी एखाद्या निश्चित स्थळाच्या चौकटीत लावून पाहणे इष्ट ठरेल. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, गोरेगाव आणि मालाड यांच्या पूर्वेस, दिंडोशी आहे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरणारी जमीन मुंबईत घर नसलेल्या निम्न व मध्यम उत्पन्न गटातील लोकांना मिळावी, यासाठी मृणाल गोरे, बाबुराव सामंत आदींनी नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून प्रदीर्घ लढा दिला, आणि त्यातून दिंडोशीत काही हजार घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. या घरांमागची प्रेरणा न्यायाची होती, आणि तिचा मूळ घटक 'कुटुंब' हा होता. ज्याच्यासाठी भांडायचे तो माणूस सहकुटुंब असणार, हे त्या काळात निराळे सांगण्याची गरज नव्हती. पुढे २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदा रद्द केला. २०२२ मध्ये दिंडोशीला मेट्रोचे स्थानक आले. आणि त्या मधल्या वर्षांत अशा कित्येक घरांतली मुले ठाण्याला, पुण्याला वा परदेशी गेली, नवरा निवर्तला, आणि कुटुंबासाठी आखलेल्या दोन खोल्यांत एक स्त्री उरली. मराठीत 'घर' या शब्दाचा एक अर्थ कुटुंब असाच आहे. म्हणूनच 'घरी कोण असते?' या प्रश्नाला ती 'कुणी नाही, मी एकटीच' असे उत्तर देते, तेव्हा व्याकरणदृष्ट्या विसंगत असूनही ते उत्तर कुणाला खटकत नाही. स्वतःचे असणे तिने मोजणीतून वगळलेले असते, आणि ऐकणाऱ्यानेही.

अशा स्त्रीचा एक दिवस कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. सकाळी पाण्याच्या वेळेला पहिली जाग. टाकीतून दिवसभर पाणी येत असले तरी एक पिंप आणि एक कळशी भरून ठेवण्याची सवय सुटलेली नाही. दाराच्या कडीला अडकवलेली अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी आत घेणे. ती दोन दिवस पुरवणे. चहा, गोळ्यांचा डबा, देवासमोर निरांजन. अकराच्या सुमारास लहान कुकरमध्ये वाटीभर तांदूळ आणि मूठभर डाळ, दोन पोळ्यांपुरती कणीक. दुपारी वर्तमानपत्रातले शब्दकोडे. संध्याकाळी लिफ्टने खाली उतरून बाकावर अर्धा तास. दिवेलागण. रविवारी मुलाचा फोन. रात्री दाराची कडी एकदा लावून पुन्हा एकदा पाहणे. या दिवसात कथानक नाही. प्रत्येक कृती दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते आणि मागे काही ठेवत नाही. हाना आरेण्ट यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात श्रम, निर्मिती आणि कृती यांत जो भेद केला, त्यानुसार हा सगळा दिवस श्रमाच्या, म्हणजे जगण्याच्या चक्राबरोबर नाहीशा होणाऱ्या व्यापाराच्या, कप्प्यात पडेल.

तथापि या दिवसात एक क्षण असा येतो की जेथे हे वर्गीकरण अपुरे पडते. तो जेवणाचा. ओट्यापाशी उभ्या उभ्या, पातेल्यातूनच चार घास खाऊन मोकळे होणे तिला शक्य आहे. पुष्कळ जणी तसेच करतात. परंतु एखादी स्त्री ताट घेते. डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी; उजवीकडे भाजी; मध्ये भात, त्यावर वरण. मराठी ताटाची ही डावी-उजवी बाजू पंक्तीसाठी, म्हणजे इतरांसाठी, सिद्ध झालेली रचना आहे. एकटीच्या ताटात ती पाळण्याचे उपयुक्ततेच्या दृष्टीने काहीही कारण नाही. येथे भाषेची एक सोय लक्षात घेण्याजोगी आहे. 'वाढणे' ही क्रिया मुळात परगामी. दुसऱ्याला वाढायचे असते. परंतु मराठीत 'वाढून देणे' याच्या शेजारी 'वाढून घेणे' हे संयुक्त क्रियापदही आहे. 'घेणे' या साहाय्यक क्रियापदामुळे क्रियेचे फळ करणारीकडे वळते, आणि तरीही वाढणारी व जेवणारी अशा दोन भूमिका शिल्लक राहतात. एकच व्यक्ती स्वतःची यजमानही असते आणि पाहुणीही. 'एकटीसाठी काय करायचे?' या वाक्यात जी दुसरी व्यक्ती गैरहजर मानली जाते, ती व्याकरणाने अशी परत आणलेली दिसते.

परंपरेने मात्र या शक्यतेला फारसे स्थान दिले नाही. स्मृतिग्रंथांनी स्त्रीचे रक्षण अनुक्रमे पिता, पती आणि पुत्र यांच्याकडे सोपविले. वानप्रस्थाला निघणाऱ्या पुरुषाने पत्नीला बरोबर न्यावे किंवा मुलांच्या स्वाधीन करावे, असा पर्याय मनुस्मृतीत येतो. तिचा स्वतःचा आश्रम कोणता, हा प्रश्न तेथे संभवतच नाही. लोककथा शास्त्रापेक्षा उदार आहे. श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत राजाच्या आज्ञेने नगरातले सारे दूध गाभाऱ्यात ओतूनही तो भरत नाही. घरचे आवरून, मुलामाणसांना जेवू घालून, गाईवासरांना तृप्त करून आलेल्या म्हातारीच्या थोड्याशा दुधाने तो भरतो. राजाच्या भक्तीपेक्षा म्हातारीची दैनंदिनी श्रेष्ठ, असा हा निर्वाळा आहे, आणि मराठी स्त्रीच्या घरकामाला मिळालेली याहून मोठी नैतिक प्रतिष्ठा शोधूनही सापडणार नाही. परंतु ती प्रतिष्ठा सशर्त आहे. म्हातारीचे दूध पुण्यवान ठरते, कारण आधी इतर तृप्त झालेले आहेत. ज्या घरात आधी तृप्त करण्याजोगे कुणी नाही, तेथील खुलभर दुधाचे काय, याविषयी कहाणी मौन पाळते.

पाश्चात्त्य परंपरेत इमान्युएल कान्ट याने १७९७ मध्ये नीतिविषयक ग्रंथात स्वतःप्रती असलेल्या कर्तव्यांना स्वतंत्र स्थान दिले. स्वतःला हीन लेखणे हा त्याच्या मते स्वतःमधील मनुष्यत्वाचाच उपमर्द होता. या भूमिकेतून एकटीने वाढून घेतलेले ताट हे कर्तव्यपालन ठरते. गंमत अशी की त्याच कान्टने १७९८ च्या आपल्या मानवविषयक व्याख्यानग्रंथात तत्त्वचिंतकाने एकट्याने जेवणे अपायकारक ठरविले आणि पंक्तीत तिघांहून कमी वा नऊंहून अधिक माणसे नसावीत, असे सुचविले. त्याची पंक्ती मांडण्यासाठी घरात सेवक होते. स्वतःप्रती कर्तव्य सांगणाऱ्या तत्त्वज्ञालाही त्याचा सर्वांत साधा प्रयोग, एकट्याचे जेवण, विचारार्ह वाटला नाही. कारण तो प्रयोग त्याला कधी स्वतःच्या हाताने रांधून करावा लागला नव्हता.

मराठी साहित्याने वार्धक्याचा विचार केला तो प्रामुख्याने अपत्यांच्या अपराधाच्या किंवा अनुपस्थितीच्या अंगाने. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' (१९७०) आणि जयवंत दळवींचे 'संध्याछाया' ही दोन्ही नाटके या विषयाची मानदंड मानली जातात, आणि ती योग्यच आहे. दोहोंत वृद्ध दाम्पत्य आहे, आणि नाट्याचा ताण मुलांच्या वर्तनाशी किंवा त्यांच्या वाटेकडे लागलेल्या डोळ्यांशी जोडलेला आहे. शोकात्म आशयाला असा ताण लागतोच. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की वृद्ध माणसाचे जीवन हे मुलांच्या कथेचे परिशिष्ट म्हणून वाचण्याची सवय वाचकाला व समीक्षेला जडली. दोन फोनांच्या मधला आठवडा संहितेतून गळतो. तो 'वाट पाहणे' या एका क्रियापदात गुंडाळला जातो. वस्तुतः त्या आठवड्यात ती स्त्री वाट पाहण्याखेरीज शेकडो गोष्टी करीत असते. या बाबतीत मुलांना सांगितली जाणारी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट अधिक जाणती वाटते. ती म्हातारी वाघ-कोल्ह्यांना चुकवीत लेकीकडे जाते, तेथे खाऊनपिऊन धष्टपुष्ट होते, आणि भोपळ्यात बसून त्याच धोक्याच्या रानातून परत निघते. लेकीकडेच का राहिली नाही, असे कुणी मूल विचारीत नाही. तिला आपले घर आहे आणि तेथे तिला परतायचे आहे, एवढे कारण गोष्टीला पुरते.

ही परतण्याची इच्छा गंभीरपणे घ्यावयाची, तर तिच्या दुसऱ्या बाजूकडेही डोळेझाक करता येणार नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अंधेरीच्या ओशिवरा भागातील एका उंच इमारतीत, परदेशातून आलेल्या मुलाला आईच्या बंद सदनिकेत तिचा सांगाडा आढळला. मायलेकांचे शेवटचे बोलणे एप्रिल २०१६ मध्ये झाले होते, असे त्या वेळच्या वृत्तांत आले. त्या घटनेवरील सार्वजनिक चर्चा अपेक्षेप्रमाणे पुत्रधर्माभोवती फिरली. म्हणजे 'नटसम्राट'च्या वाचनाची सवय वास्तवालाही लावली गेली. तिचा निवाडा करणे येथे अभिप्रेत नाही. परंतु तिच्यातून निघणारा प्रश्न मुलाच्या पलीकडचा आहे. दुधाची पिशवी कडीलाच राहिली, वर्तमानपत्र उंबऱ्यावर पडून राहिले, बाक रिकामा राहिला, तर ते खंडित होणे ज्याला चिन्ह म्हणून वाचता येईल असा वाचक जवळपास आहे काय? दैनंदिनता ही एक चिन्हव्यवस्था आहे. ती अखंड चालू असते तोवर कुणाच्या नजरेस येत नाही. ती अर्थ प्रकट करते ती तुटते तेव्हा, आणि तोही तिच्या नियमांशी परिचित असलेल्यालाच.

शासनव्यवस्था असा वाचक होऊ पाहते, पण तिचे वाचन निराळे असते. निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी, बहुधा नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो बोटांच्या ठशांवरूनही देता येतो. आयुष्यभर भांडी घासून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला उमटलेला दिसतोच असे नाही. 'आहे' एवढेच विधान तेथे हवे असते, 'कशी आहे' हे नको. २००७ च्या मातापिता व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्याने निर्वाहाचा हक्क दिला, आणि राज्याच्या एका निवृत्तिवेतन योजनेला श्रावणबाळाचे नाव आहे. या तरतुदी आवश्यक आहेत. परंतु पुत्राचे रूपक शासनालाही टाळता आलेले नाही. शेजाऱ्यांची अडचण याच्या उलट असते. विचारपूस आणि पाळत यांतील अंतर फार थोडे. 'रात्री दिवा जळत होता, झोप नाही का लागली?' हा प्रश्न मायेचा आहे की नजर ठेवल्याचा, हे विचारणाऱ्याच्या शब्दांवरून ठरत नाही. ज्या स्त्रीला पहिल्यांदाच दाराला आतून कडी लावून स्वतःच्या मर्जीने जागण्याची मुभा मिळाली आहे, तिच्या मानण्यावरून ठरते.

येथे एक आक्षेप संभवतो. एकटीच्या ताटाचा असा गौरव करणे म्हणजे परित्यागाला तत्त्वज्ञानाची झालर लावणे नव्हे काय? शिवाय बंद दाराआडचा हा एकांत ज्यांच्या नावावर घर आहे त्यांनाच परवडतो. दिंडोशीच्याच टेकडीउतारावरच्या दाट वस्तीत राहणाऱ्या वृद्धेचे दार दिवसभर उघडे असते, तिच्या पाण्याची हंडी शेजारची पोर भरते आणि तिचे भांडणही सर्वांना ऐकू जाते. आक्षेप रास्त आहे, आणि त्याने सिद्धान्ताला आवश्यक ती मर्यादा पडते. स्वतःला वाढून घेणे हे मूल्य आहे, म्हणून इतरांनी वाढायला न येणे समर्थनीय ठरत नाही. पण याच्या उलटही खरे आहे. इतर येत नाहीत, म्हणून तिचे वाढून घेणे केविलवाणे ठरत नाही. करुणेने पाहणारी नजर ही दुसरी गोष्ट वारंवार विसरते, आणि मग तिच्या हातातले काम काढून घेणे म्हणजेच तिची काळजी घेणे, असा समज दृढ होतो.

या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट मराठी परंपरेतच आहे. जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठल येतो तो तिला कष्टांतून सोडवायला येत नाही. तो जात्याचा खुंटा धरतो, पाणी भरू लागतो, शेणी वेचू लागतो. दळण तिचेच राहते. त्याला एक हात अधिक मिळतो. जात्यावरच्या ओव्यांतही एकटीने दळणारी स्त्री जात्यालाच ऐकणारा मानते आणि श्रमाला संबोधन देते. 'सोबत' या मराठी शब्दाचा नेमका आशय हाच असावा : दुसऱ्याच्या दिवसात, त्याच्या क्रमाने, त्याच्या कामाला हात लावून असणे. दिंडोशीतल्या त्या घरात संध्याकाळी कुणी आले आणि 'तुम्ही बसा, मी करते' असे म्हणाले, तर तो उपकार होतो. शेजारी बसून तिच्याबरोबर शेंगा मोडू लागले, तर ती सोबत होते. 'एकटीसाठी काय करायचे?' या प्रश्नाचे उत्तर तिने आपल्या ताटाच्या डाव्या-उजव्या बाजूंनी रोज दिलेलेच असते. ते वाचायला शिकणे, एवढेच साहित्याच्या आणि शेजाराच्या वाट्याला उरते.