दत्तक घेतलेला जीव

पूर्वी आपल्याकडे कुत्रा पाळत असत. आता शहरातील माणसे प्राण्यांच्या निवाऱ्यातून कुत्रा 'दत्तक' घेतात. काही वडीलधाऱ्यांना हा शब्द खटकतो. दत्तक मूल घेतात, कुत्रा कसला, असे ते म्हणतात. मला तो शब्द चुकीचा वाटत नाही, मात्र तो वजनदार आहे. दत्तक मुलाला आपण घरात हक्क देतो, ते मनासारखे वागले नाही म्हणून त्याला परत नेऊन सोडत नाही. मग कुत्र्यासाठी हा शब्द वापरताना आपण नेमके काय कबूल करतो?

शांत, गरीब स्वभावाचे कुत्रे डोळ्यांसमोर आणले तर हा प्रश्न फार सोपा होतो. म्हणून हस्कीच्या मिश्र जातीचे, दिवसभर उड्या मारणारे एखादे कुत्रे घेऊ. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांनी ही जात कडाक्याच्या थंडीत लांबवर गाडी ओढण्यासाठी तयार केली. अंगावर केसांचा दुहेरी थर आणि रक्तात धावण्याची ओढ. अशा कुत्र्याला दोन खोल्यांच्या घरात कोंडले की ते सोफा फाडते, कुंपणाखालून माती उकरून पळते, भुंकण्याऐवजी लांब सूर काढून रडते. शेजारी तक्रार करतात, आणि ज्या निळ्या डोळ्यांसाठी ते आणले तेच डोळे निवाऱ्याच्या जाळीआडून बघू लागतात. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका गाजली तेव्हा त्यातील लांडग्यांसारखे दिसतात म्हणून लोकांनी हस्की विकत घेतले आणि पुढे टाकूनही दिले. शेवटी 2017 साली त्याच मालिकेतील नट पीटर डिंकलेज यांना लोकांना जाहीर विनंती करावी लागली. आपल्याकडे तर मुंबईच्या उकाड्यातही हे कुत्रे दिसतात!

या जातकुळीतल्या एका कुत्र्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1925 च्या जानेवारीत अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ आली. जवळजवळ 1,085 किलोमीटर बर्फातून वीस गाडीवानांनी, आळीपाळीने कुत्रे जुंपून, साडेपाच दिवसांत सिरम पोहोचवले. शेवटच्या टप्प्यात सर्वांत पुढे बाल्टो होता. त्याच्या मालकाने त्याला कधी पहिल्या प्रतीचा मानले नव्हते. तो शुद्ध हस्की नव्हता, हे 2023 साली त्याच्या जनुकांच्या अभ्यासातूनही दिसले. त्याच वर्षी, 1925 च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. पुतळ्याला खायला घालावे लागत नाही. जिवंत बाल्टो आणि त्याचे सहा सोबती मात्र दौरे संपल्यावर लॉस एंजेलिसमधील एका हलक्या खेळाच्या जागेत येऊन पडले. पैसे देऊन लोक त्यांना पाहायला येत. तिथे त्यांचे हाल चालले होते.

1927 साली क्लीव्हलँडचे एक व्यापारी, जॉर्ज किंबल, यांनी त्यांना पाहिले. कुत्र्यांची किंमत ठरली दोन हजार डॉलर. क्लीव्हलँडच्या शाळकरी मुलांनीही नाणी जमवली, मोठ्यांनी भर घातली आणि कुत्रे त्या शहरात आले. बाल्टो तेथील प्राणिसंग्रहालयात 1933 पर्यंत जगला. आता प्राणिसंग्रहालय म्हणजे काही बर्फाची वाट नव्हे. हा न्याय अपुराच म्हणावा लागेल. तरीही मला पुतळ्यापेक्षा त्या मुलांची नाणी मोलाची वाटतात, कारण ती त्या कुत्र्यांच्या गरजेला पोहोचली.

कोणी म्हणेल, माणसे उपाशी असताना कुत्र्यांवर एवढा खर्च का? आक्षेप खरा आहे. माणसाच्या दुःखावर आधी खर्च व्हावा, असे ख्रिस्तसभेचा कॅटेकिझमही सांगतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2022 च्या जानेवारीत, मुले नको म्हणून कुत्री-मांजरी बाळगणाऱ्या जोडप्यांना स्वार्थी म्हटले होते. तेव्हा बरेच लोक रागावले. पण तोच कॅटेकिझम प्राण्यांशी दयेने वागणे हे आपले देणे आहे असेही म्हणतो. देणे म्हणजे ऋण. आपली हौस म्हणून जो जीव आणला त्याचे देणे आपल्यावर असते, आणि ते त्याच्या स्वभावाप्रमाणे फेडावे लागते. हस्कीला गादी दिली आणि धावणे दिले नाही, तर ते ऋण तसेच राहते. कुत्र्याने उपकार मानावेत, ही अपेक्षा तर सोडूनच द्यावी.

म्हणून निवाऱ्यात जाण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवून विचारावे: रोज पहाटे, ऊन चढण्याआधी, पावसाळ्यातसुद्धा, याला तासभर पळवायला कोण नेणार? दुपारी घरी कोण असेल? बारा-चौदा वर्षांनी तो म्हातारा होईल तेव्हा? नाव पुढे आले नाही, तर निवाऱ्यात जुन्या चादरी आणि जमेल तेवढे पैसे देऊन यावे. त्या कुत्र्याला दुसरे घर मिळेपर्यंत ते उपयोगी पडतील.